गाण्याखाली नाव कुणाचं?

मराठी गाण्यात पुरुषपण आणि बाईपण यांच्या ठरीव चौकटीत न बसणारा कलावंत हा काही नवा पाहुणा नाही. खडी गंमतीच्या फडात, तमाशाच्या बोर्डावर, यल्लम्माच्या जोगव्यात, बारशाच्या नि लग्नाच्या घरी येणाऱ्या बधाईत तो पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. लोक त्याला पाहून शिट्ट्या मारतात, पैसे उधळतात आणि घरी जाऊन त्याची नक्कल करून हसतातही. नवी गोष्ट दुसरीच आहे. या कलावंताने गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः बांधायची, आपल्याच आवाजात गायचं, त्या गाण्याच्या हक्काचा कागद आपल्या पेटीत ठेवायचा आणि त्यावर पोट भरायचं, ही ती गोष्ट. अमेरिकेत आशियाई वंशाच्या काही क्वीअर गायक-गीतकारांनी गेल्या तीसेक वर्षांत ही वाट चालून पाहिली. आपल्याकडेही तिच्या खुणा दिसू लागल्या आहेत. या साऱ्याचा आढावा घेताना बहुतेक लिखाण ‘कोण किती उघडपणे समोर आलं’ एवढंच मोजतं. माझ्या मते ते मोजमाप अपुरं आहे. अशा कलावंताची कारकीर्द उभी राहते की कोसळते, हे तो मंचावर किती दिसतो यापेक्षा गाण्याखाली नाव कुणाचं आहे यावर जास्त ठरतं. मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याकडून पाहिलं की हा प्रश्न आणखी उघडा पडतो. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला हा जिल्हा कचेरीत हिंदी बोलतो, घरात वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतो आणि मोठ्या खरेदीला नागपूर गाठतो. इथे मराठीत गाणं लिहिणाऱ्या पोराची भोपाळला दखल नाही, आणि पुण्या-मुंबईच्या लेखी तो परप्रांतातला. त्यात तो क्वीअर असला तर अल्पसंख्याकांतला अल्पसंख्याक. अमेरिकेतल्या आशियाई गायकांची अडचण नेमकी याच जातीची होती, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करणं उपयोगाचं.

अमेरिकेत या वाटेची पायाभरणी आशियाई लोकांनी केली नाही. १९७३ साली काही समलिंगी स्त्रीवाद्यांनी ‘ऑलिव्हिया रेकॉर्ड्स’ ही बायकांनी बायकांसाठी चालवलेली कंपनी काढली, आणि १९७६ पासून मिशिगनला बायकांचा संगीत महोत्सव भरू लागला, तो २०१५ पर्यंत भरत होता. १९९० साली अॅनी डिफ्रँकोने ‘राइचस बेब’ ही स्वतःची कंपनी काढून दाखवून दिलं की गिटार, गाडी आणि कॅसेटांची खोकी एवढ्या भांडवलावर बड्या कंपन्यांना नाही म्हणता येतं. या फटीतून मॅग्डालेन ह्सू-ली आली. चिनी वंशाची, व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलसारख्या लहान गावात वाढलेली, आधी चित्रकला शिकलेली, पुढे सिअॅटलला जाऊन संगीताकडे वळलेली आणि आपण उभयलिंगी आहोत हे न लपवणारी. तिने ‘चिकपॉप’ नावाने स्वतःचं लेबल काढलं आणि आपला श्रोता शोधला तो कॉलेजांमध्ये. तिथे ती गायची आणि आपल्या ओळखीवर बोलायचीही. बड्या कंपनीच्या हिशेबात अशा गायिकेला बाजारच नव्हता. आशियाई चेहऱ्याकडून लोक व्हायोलिनची अपेक्षा करत, रॉकची नाही, आणि क्वीअर गाणी म्हणजे थोड्यांचा माल असं धरून चाललेलं होतं. पण थोड्यांचा माल विकायला मोठं दुकान कशाला लागतं? हक्क स्वतःकडे असतील तर कमी श्रोत्यांतूनही चरितार्थ निघतो, कारण मधल्या माणसांचा वाटा वाचतो. हे गणित तिच्या वाटचालीतून वाचता येतं. तिचं नाव आज फार कुणी घेत नाही, हेही त्याच गणितात लिहून ठेवायला हवं.

पुढच्या पिढीला इंटरनेट मिळालं. हेली कियोको ही जपानी वंशाच्या आईची मुलगी, आधी डिस्नेच्या पडद्यावर दिसलेली. जून २०१५ मध्ये तिने ‘गर्ल्स लाइक गर्ल्स’ हे दोन मुलींच्या प्रेमाचं गाणं प्रसिद्ध केलं. गाण्याच्या लेखनात ती होती, आवाज तिचा होता, चित्रफितीच्या दिग्दर्शनातही ती होती. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली, त्यामुळे गाण्याला वाराही चांगला मिळाला. पण वारा ओसरल्यावर काय उरलं ते पाहण्यासारखं आहे. २०२३ साली त्याच गाण्याच्या कथेवर तिने त्याच नावाची कादंबरी लिहिली. जी केवळ गायली असती तिला हे करायला कुणाच्या तरी दारात परवानगी मागत उभं राहावं लागलं असतं. भारतीय वंशाच्या दोघींचीही नोंद घ्यावी लागेल. किरण गांधी, म्हणजे ‘मॅडम गांधी’, एम.आय.ए. या गायिकेच्या दौऱ्यात ड्रम वाजवत होती. दुसऱ्याच्या गाण्याला ठेका देता देता तिने २०१६ मध्ये ‘व्हॉइसेस’ हा स्वतःचा संच काढला आणि वादकाची रचनाकार झाली. पंजाबी शीख घरातली रवीना अरोरा २०१७ चा ‘शांती’ आणि २०१९ चा ‘ल्युसिड’ यांतून आपला श्रोता जमवून मग २०२२ मध्ये ‘आशाज अवेकनिंग’ घेऊन वॉर्नरसारख्या मोठ्या कंपनीकडे गेली. त्या अल्बमात तिने मुंबईत वाढलेल्या आशा पुथली यांना गायला बोलावलं. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला ऑर्नेट कोलमनबरोबर जॅझ गाऊन पुढे डिस्कोकडे वळलेल्या या बाईंना तिकडच्या समलिंगी क्लबांनी डोक्यावर घेतलं होतं आणि इकडे आपण जवळजवळ विसरलो होतो. पन्नास वर्षांनी एका क्वीअर मुलीने त्यांचं नाव आपल्या अल्बमावर सन्मानाने छापलं. तसं करण्याचा अधिकार तिच्याकडे होता, कारण अल्बम कसा असावा हे ती ठरवत होती.

आता आपल्याकडे वळू. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री खडी गंमत उभी राहते. शाहीर पुढे, मागे झीलकरी, ढोलकी, तुणतुणं, टाळ. मधोमध नाच्या. नऊवारी नेसलेला, पायात चाळ, ओठाला लाली, गळ्यात खोटे मोती, आणि पदर सावरण्याची ढब अशी की पहिल्या रांगेतल्या बायाही निरखून पाहतात. गण झाला, गवळण झाली, की लावणी येते. ती बाईच्या तोंडची असते, नाच्या ती साभिनय मांडतो, आणि शेवटच्या कडव्यात नाव येतं ते शाहिराचं. ती त्या शाहिराची छाप. कलगी-तुऱ्याच्या भेदिक लावण्यांतही हाच रिवाज. रामजोशी, होनाजी, पुढे पठ्ठे बापूराव यांनी बाईच्या मनातलं किती लिहिलं! ज्या बायांनी ते गायलं आणि ज्या पुरुषांनी बाई होऊन ते नाचून दाखवलं, त्यांच्या नावाची छाप मात्र फार क्वचित सापडते. शाहीर लिहितो, नाच्या मिरवतो आणि गाव बघतं, अशी ही कामाची वाटणी होती. ती वाटणी कुणी दुष्टपणे केली असं नाही. पण तिचा परिणाम असा झाला की चौकटीबाहेरचा माणूस मराठी गाण्यात कायम देह म्हणून हजर राहिला आणि कर्ता म्हणून गैरहजर. तो स्वतःबद्दल काय म्हणाला असता, ते आपल्याला ठाऊक नाही.

इथे एक सावधगिरी हवी. बाईचं काम करणारा प्रत्येक पुरुष क्वीअर होता, असं म्हणणं अडाणीपणाचं आहे. बालगंधर्वांच्या भामिनीवर नि सिंधूवर महाराष्ट्र भाळला, बायकांनी त्यांच्यासारख्या साड्या नेसल्या, म्हणून त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल आपण काही ठरवावं असं नाही. गणपत पाटलांचं उदाहरण याहून बोचरं आहे. मराठी चित्रपटात नाच्या म्हटलं की डोळ्यांपुढे तेच येतात. बायको-मुलांत रमलेला हा माणूस पडद्यावर इतका खरा वाटला की लोकांनी त्यांना खऱ्या आयुष्यातही तसंच धरलं, आणि घरच्यांना टोमणे सोसावे लागले. ‘रंग नाच्याचे’ या आत्मकथनात त्यांनी ते मांडलं आहे. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या भूमिकेचा डाग त्यांच्या संसाराला लागला, आणि भूमिका लिहिणाऱ्याला काही लागलं नाही. नाच्या क्वीअर असो वा नसो, लेखणी हातात नसलेल्याची अवस्था ही अशी असते. गणपत पाटलांना निदान अखेरीस पुस्तक लिहून आपली बाजू मांडता आली. फडात आयुष्य काढलेल्या शेकडोंना तेही जमलं नाही.

अलीकडच्या काळात सहानुभूती वाढली, यात शंका नाही. आनंद यादवांच्या कादंबरीवरून रवी जाधवांनी ‘नटरंग’ केला, राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवरून राजीव पाटलांनी ‘जोगवा’ केला. ‘जोगवा’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना गायनासाठी. पुरस्कार रास्तच होते. तरी यल्लम्माला सोडलेल्या जोगत्यांच्या आयुष्यातून निघालेल्या त्या गाण्यांच्या श्रेयनामावलीत जोगत्याचं नाव शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. २०१६ साली मुंबईत ‘सिक्स पॅक बँड’ निघाला, तृतीयपंथी गायकांचा देशातला पहिला पॉप बँड म्हणून. पाठीशी एका बड्या चित्रपटसंस्थेची तरुण शाखा आणि चहाचा एक ब्रँड होता. कान लायन्स या जाहिरातींच्या महोत्सवात ‘ग्लास’ विभागातलं सर्वोच्च पारितोषिक त्या मोहिमेला मिळालं. त्यांचं पहिलं गाणं मात्र फॅरेल विल्यम्सच्या गाजलेल्या इंग्रजी गाण्याचं हिंदी रूप होतं. सहा जणांच्या आनंदाचं गाणंही उसन्या चालीवर! मोहिमेने बरंच भलं केलं असेल, पण मोहीम संपली की बँडचं काय होतं, हा प्रश्न तिच्या रचनेतच बसलेला होता. सुशांत दिवगीकर, म्हणजे राणी कोहेनूर, यांनी २०१८ मध्ये ‘सा रे ग म प’च्या मंचावर एकाच गाण्यात पुरुषी आणि बायकी असे दोन्ही आवाज लावून परीक्षकांना थक्क केलं. घराघरात दिसण्याचा हा टप्पा मोठाच होता. पण स्पर्धेचा नियमच असा की गायचं ते चित्रपटातलं, दुसऱ्याने लिहिलेलं. खडी गंमतीतली जुनी वाटणी आता दूरदर्शन संचाच्या काचेआड आली, इतकंच.

हा केवळ मानापमानाचा मामला असता तर एवढा ताणण्याचं कारण नव्हतं. कायदा आणि पैसा दोन्ही लिहिणाऱ्याच्या बाजूने झुकलेले आहेत. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गायकाचा, म्हणजे सादरकर्त्याचा, हक्क सादरीकरणापासून ५० वर्षांचा. वयाच्या पंचविशीत गाणं लिहिणाऱ्याच्या नातवालाही त्यातून दोन पैसे मिळू शकतात, गाणाऱ्याचा हक्क मात्र त्याच्या म्हातारपणीच संपू शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद केली, आणि सादरकर्त्यांनाही काही हक्क दिले. तो लढा जावेद अख्तर यांच्यासारख्या नामवंतांनी लढवला, फायदा मात्र अनोळखी गीतकारालाही मिळाला. आज एखाद्या अॅपवर गाणं उघडून खालची माहिती वाचली तर चार ओळी दिसतात: गायक, गीतकार, संगीतकार आणि हक्कधारक. वरून पहिल्या ओळीत नाव असलं की लोक ओळखतात. उरलेल्या तीन ओळींत नाव असलं की बँकेतलं खातं ओळखतं. क्वीअर कलावंताला आपण पहिली ओळ आनंदाने देतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. लता मंगेशकरांनी किंवा आशा भोसल्यांनी कुठे गाणी लिहिली? त्यांच्या मोठेपणाला काही कमी आलं का? प्रश्न वाजवी आहे. पण पार्श्वगायिका पडद्यावरच्या पात्राचं गाणं गाते, आणि श्रोत्यालाही ते माहीत असतं. कुणी लताबाईंचं गाणं त्यांच्या आयुष्याचा दाखला म्हणून ऐकत नाही. क्वीअर गायकाचं गाणं मात्र लोक तसंच ऐकतात. मग तो दाखला कुणी लिहिला, हा प्रश्न टळत नाही. शिवाय लताबाईंनी स्वतः साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीसाठी भांडण मांडलं होतं, रफींशी अबोला धरण्यापर्यंत. आवाजाच्या मालकीचं महत्त्व त्यांना चांगलंच कळत होतं. याच आक्षेपाचं एक वजनदार रूप कर्नाटकातून येतं. मंजम्मा जोगती यांनी यल्लम्माची परंपरागत गाणी आणि नाच यांतच आयुष्य काढलं, कर्नाटक जानपद अकादमीच्या त्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गाणी परंपरेची, कुणा एकाची नव्हेत. मग लेखणीवाचून त्यांना मान मिळालाच ना? मिळाला, आणि या उदाहरणापुढे माझं म्हणणं थोडं वाकवून घ्यावं लागतं. मंजम्मांच्या हाती लेखणी नव्हती, पण मेळा होता, काय गायचं आणि कुणी गायचं हे ठरवण्याचा अधिकार होता. बधाई मागणाऱ्या किन्नरांच्या टोळ्यांतही तेच दिसतं: इलाका त्यांचा, गाणी त्यांची, गुरूचा शब्द अखेरचा. कर्तेपण कागदावरच असावं लागतं असं नाही. ते असावं मात्र लागतं.

दुसरा आक्षेप आपल्या मातीचा आहे. सौंसर तालुक्यात मोहगाव हवेलीला अर्धनारीश्वराचं प्राचीन शिवमंदिर आहे, दर्शनाला लांबून लोक येतात. ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या, तुकोबांनी गौळणी लिहिल्या, पुरुषाने बाई होऊन आळवणं हे आपल्या भक्तीला नवं नाही. तेव्हा अमेरिकेकडे पाहण्याची गरजच काय, असं म्हणणारे भेटतात, आणि क्वीअर चळवळीतले काहीजणही हा दाखला मोठ्या हौसेने देतात. मला त्यात फारसा दम दिसत नाही. देवळातल्या मूर्तीपुढे हात जोडणारा गाव घरातल्या पोराचं बायकी चालणं सहन करतोच असं नाही, दोन गोष्टींचा संबंध आपण समजतो तितका जवळचा नाही. विरहिणीतला प्रियकर विठ्ठल आहे म्हणून ती देवघरात गायली जाते. तोच प्रियकर शेजारच्या आळीतला निघाला तर गाणं देवघराबाहेर जाईल. परंपरेतून काही घ्यायचंच तर ते वेगळ्या ठिकाणाहून घ्यावं. जनाबाईने दासीपण भोगत अभंग रचले आणि शेवटी आपली मुद्रा घातली. चोखोबांनी घातली, सोयराबाईंनी घातली. सातशे वर्षांपूर्वी दळणकांडण करणारी बाई आणि गावकुसाबाहेरचा महार मराठीत स्वतःच्या नावाने रचत नि गात होते. ज्याला आज सिंगर-साँगरायटर म्हणतात, त्याचं आणखी कुठलं रूप हवं? मराठीला ही कला शिकवावी लागणार नाही.

याच धाग्याचं आधुनिक टोक सौंसरहून फार दूर नाही. नागपुरात दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी पुस्तकांच्या दुकानांच्या रांगांत भीमगीतांच्या पुस्तिका मांडलेल्या असतात. पातळ कागद, दोन पिना, मुखपृष्ठावर बाबासाहेब, आत प्रत्येक गीताच्या वर ‘चाल’ म्हणून एखाद्या सिनेमातल्या गाण्याचा उल्लेख, आणि खाली गीतकाराचं नाव. एकेकाळी शेजारी कॅसेटी असायच्या, मग सीडी आल्या, आता मोबाइलवर आहेत. आंबेडकरी जलशांपासून हा व्यवहार चालत आला आहे. भीमराव कर्डकांनी जलसे उभे केले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरं शिकले आणि हजारो गीतं लिहून, चाली लावून, गावोगाव गात फिरले. त्यांच्यामागे कंपनी नव्हती, आकाशवाणी नव्हती, वृत्तपत्रांचे रकाने नव्हते. होता तो एक समाज, जो त्यांच्या गाण्यात स्वतःला ओळखत होता आणि पदरमोड करून पुस्तिका विकत घेत होता. वामनदादा श्रीमंत झाले नाहीत, उलट हलाखीतच राहिले. त्यामुळे या वाटेने पैसा मिळतो असा दावा कुणी करू नये. पण त्यांचं गाणं त्यांच्या नावानेच राहिलं, आणि दलितांच्या दुःखावर दुसऱ्या कुणी हळहळून लिहिलेल्या गाण्यांना त्याने बाजूला सारलं. माझ्या मते मराठी क्वीअर गायकासाठी शिकायची शाळा ही आहे, अमेरिका नंतर. तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्या कवितेत ही धग दिसतेच. तिला चाल लागायची तेवढी बाकी आहे.

तिसरा आक्षेप रसिकांचा. कलावंताच्या बिछान्यात डोकावून गाणं का ऐकायचं? गाणं चांगलं की वाईट एवढंच पाहावं. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे, आणि या प्रकारातली पुष्कळ गाणी घोषणेच्या वजनाखाली चेपलेली असतात हेही कबूल. २०१९ मध्ये प्रज्ञा पल्लवी यांनी ‘क्वीअरिझम’ हा अल्बम काढला. भारतातला पहिला क्वीअर विषयाचा अल्बम म्हणून त्याचा बोलबाला झाला, आणि स्वतः लिहून, स्वतः गाऊन, स्वतः पैसा उभा करून काढलेला म्हणून त्याचं महत्त्व आहेच. तरी पहिलेपणाचं कौतुक हे गाण्याचं कौतुक नसतं, आणि चळवळीने आपल्या गायकांना या गोड भुलीतून सोडवलं पाहिजे. पण रसिकांनीही एक पाहावं. मराठीत प्रेमगीत लिहायला बसलेल्याला लपायला जागा फार थोडी आहे. इंग्रजीत बोलणारा ‘मी’ बाई की पुरुष हे क्रियापद सांगत नाही, सांगायचं तर समोरच्याच्या सर्वनामात सांगावं लागतं. मराठीत ‘मी आलो’ म्हटलं की एक कळलं, पुण्यातलं ‘मी आले’ किंवा आमच्याकडचं ‘मी आली’ म्हटलं की दुसरं कळलं, आणि ज्याची वाट पाहिली तो ‘आला’ की ‘आली’ यात तिसरं. तेव्हा गीतकाराने आपली ओळख गाण्याबाहेर ठेवावी, ही मागणी मराठीत पाळायची तर त्याला खोटं लिहावं लागतं. ट्रान्स गीतकाराला तर पहिल्या ओळीच्या पहिल्या क्रियापदालाच निर्णय घ्यावा लागतो. हे ओझं आहे, पण कसदार कवीच्या हातात ते साधनही होऊ शकतं, कारण एका प्रत्ययाच्या बदलाने अख्ख्या कडव्याचा अर्थ फिरवणं मराठीत सोपं आहे.

उरतो तो व्यवहार, आणि तिथे आशावाद आवरता घ्यावा लागतो. स्पॉटिफाय भारतात २०१९ साली आलं आणि घरबसल्या गाणं जगापुढे ठेवता येऊ लागलं, पण २०२४ पासून तिथे वर्षभरात १००० वेळाही न ऐकलं गेलेलं गाणं ध्वनिमुद्रणाच्या मानधनाला पात्र धरलं जात नाही. वऱ्हाडी बोलीतल्या नवख्या गाण्याला हा उंबरठा उंच आहे. अमेरिकेतल्या स्वतंत्र कलावंतांना हात दिला तो बँडकॅम्पसारख्या ठिकाणांनी, जिथे श्रोता थेट पैसे देऊन गाणं विकत घेतो आणि मोठा वाटा कलावंताला जातो. तीही कंपनी २०२२ पासून दोनदा विकली गेली, म्हणजे तो आधारही पक्का नाही. मराठी श्रोत्याला गाणं विकत घेण्याची सवय कॅसेटीबरोबर सुटली. त्यामुळे प्रत्यक्ष कार्यक्रम हेच उत्पन्नाचं साधन राहतं, आणि कार्यक्रम म्हटला की गावापुढे उभं राहणं आलं. नागपुरात क्वीअर लोकांसाठी काम करणारी सारथी ट्रस्टसारखी संस्था आहे, २०१६ पासून ऑरेंज सिटी प्राइड ही त्यांची मिरवणूक निघते, तिथे एखादा तरुण तासभर गाऊ शकेल. तोच तरुण संध्याकाळी बस धरून सौंसरला परत येतो, जिथे त्याच्या बापाची संत्र्याची बाग आहे आणि बहिणीचं लग्न ठरायचं आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा धाक गेला, पण बहिणीच्या सासरकडच्यांचा धाक कोणत्या निकालाने जाणार? ह्सू-ली मार्टिन्सव्हिल सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली. गाव न सोडता हे करता यावं, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी तिकडचा दाखला नाही.

अशा गीतकाराला ‘उघड हो, नाहीतर तू खोटा’ असं सांगणारे शहरी सल्लागार पुष्कळ आहेत. मला तो सल्ला बेजबाबदार वाटतो. नाव गाण्याखाली असावं, हे म्हणणं आणि ते नाव आधारकार्डावरचं असावं, हे म्हणणं एक नाही. कॉपीराइट कायदा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या रचनेलाही प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण देतो, आणि लेखकाने पुढे कधी आपलं खरं नाव जाहीर केलं तर मुदत हयात अधिक ६० अशी मोजली जाते. तोवर खऱ्या माणसाशी त्या नावाची सांगड घालणारा कागद आपल्यापाशी जपून ठेवावा लागतो, मानधनासाठी हक्कसंस्थेत नोंद करावी लागते, आणि ध्वनिमुद्रणवाल्याशी बोलणं लेखी करावं लागतं. ही कामं कंटाळवाणी आहेत, प्राइडच्या फलकावर ती मावत नाहीत, पण विसाव्या वर्षी टोपणनावाने लिहिलेलं गाणं चाळिसाव्या वर्षी आपलं म्हणून सांगता येईल ते त्यांच्याच जोरावर. माणिक गोडघाटे नावाचा मास्तर नागपुरात ‘ग्रेस’ या परक्या, बायकी नावाने आयुष्यभर कविता छापत राहिला, आणि विदर्भाने त्याला त्याच नावाने आपला म्हटलं.